'भारतात एका दिवसात एमआरआय होतो' – पण कोणाच्या भारतात?

इंग्लंडमधल्या भारतीयांच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी ही पोस्ट हमखास येते. 'इथली सरकारी आरोग्यसेवा म्हणजे निव्वळ कचरा. डॉक्टर भेटत नाही. भेटला तर पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवतो. आपल्या भारतात एका दिवसात एमआरआय होतो आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन!' खाली अंगठे पडतात, टाळ्या पडतात. मग कोणीतरी शहाणा सल्ला देतो, 'प्रायव्हेट इन्शुरन्स काढा आणि मोकळे व्हा.'

आम्ही बरेच दिवस हे गप्प वाचत होतो. आम्ही म्हणजे शिष्यवृत्तीवर, बँकेचे कर्ज काढून, कोणी बापाचे एकर-दीड एकर रान गहाण टाकून इथे शिकायला आलेली आंबेडकरी पोरे-पोरी. पण आता गप्प बसून चालणार नाही. कारण ही पोस्ट आता आपलीच पोरे फॉरवर्ड करू लागली आहेत.

एका दिवसात एमआरआय होतो, हे खोटे नाही. होतो. ज्याच्या खिशात सात-आठ हजार रुपये लगेच आहेत, त्याचा होतो. आमच्या घरात कोणाचा एका दिवसात एमआरआय झाला? आमच्या आया जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात पहाटे केसपेपरच्या रांगेत उभ्या राहिल्या. 'मशीन बंद आहे, बाहेरून करून आणा' हे वाक्य ऐकून परत आल्या. बाहेरून करायला पैसे नव्हते म्हणून दुखणे अंगावर काढत राहिल्या. तेव्हा ग्रुपवर ज्या भारताचे गुणगान चालते, तो भारत त्या पोस्टवाल्याचा आहे. आमचा नाही.

त्या रात्री काय झाले

मुद्दा हवेत राहू नये म्हणून आमच्यातल्या एका भावाची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, त्याची परवानगी तेवढीच आहे.

हा भाऊ विदर्भातला. त्याला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न. विदर्भातल्या आदिवासी पाड्यांवर आणि आपल्या बौद्ध वस्त्यांमध्ये हा आजार काय असतो, हे नव्याने सांगायला नको. थंडी वाढली, पाणी कमी प्यायले गेले, दगदग झाली की हाडे फुटतील अशा वेदना सुरू होतात. नोव्हेंबर महिना होता. इथे येऊन त्याला दोन महिने झाले होते, पण त्याने जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या सरकारी फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवलेच नव्हते. का? तर ग्रुपवर कोणीतरी सांगितले होते, 'काही उपयोग नाही, वेळ वाया.' त्याऐवजी त्याने पोटाला चिमटा काढून एक स्वस्तातला प्रायव्हेट विमा घेतला होता.

रात्री दुखणे सुरू झाले. त्याने आधी विम्याच्या हेल्पलाइनला फोन लावला. उत्तर सरळ होते : आजार आधीपासूनचा आहे, विम्यात बसत नाही.

मग आम्ही त्याला टॅक्सीत घालून सरकारी हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात नेले. तिथे तपासणाऱ्याने विचारले, 'तू भारतीय ना? सिकलसेल तर आफ्रिकन लोकांना होतो.' भाऊ दोन तास खुर्चीवर कण्हत बसला. इंग्लंडच्याच नाईस या संस्थेची मार्गदर्शिका २०१२ पासून सांगते की, सिकलसेलच्या तीव्र वेदनेचा रुग्ण आला की तीस मिनिटांच्या आत वेदनाशामक द्यायचे. आम्हाला तेव्हा ते माहीत नव्हते. अखेर पाळी बदलली आणि एक काळी नर्स आली. तिने एका नजरेत ओळखले. औषध सुरू झाले, ऑक्सिजन लागला, रक्ताच्या आजारांचे डॉक्टर आले. सहा दिवस तो ॲडमिट होता. निघताना आम्ही सवयीने विचारले, 'बिल कुठे भरायचे?' वॉर्डातली बाई आमच्याकडे बघतच राहिली. बिल नव्हते.

या एका रात्रीत आमचा सगळा वाद आहे. प्रायव्हेटने फोनवरच दार बंद केले. सरकारी दवाखान्याने दोन तास चूक केली, पण दार उघडे ठेवले आणि माणूस जगवला. त्या दोन तासांबद्दल आम्ही भांडणार. पण ते दार बंद करा म्हणणाऱ्यांच्या ओळीत आम्ही बसणार नाही.

हे फुकट नाही, आणि भीकही नाही

'सरकारी' म्हटले की फुकट आणि फुकट म्हटले की उपकार, असा आपल्या मनावर संस्कार झालेला आहे. तो आधी पुसला पाहिजे.

एप्रिल २०१५ पासून ब्रिटनने सहा महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी येणाऱ्या परदेशी माणसावर आरोग्य अधिभार लावला. तेव्हा तो वर्षाला २०० पाउंड होता, विद्यार्थ्यांना १५०. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो १,०३५ पाउंड आहे, विद्यार्थ्यांना ७७६. नऊ वर्षांत पाचपट! एक वर्षाच्या मास्टर्सला आलेल्या मुलाचा व्हिसा साधारण सोळा महिन्यांचा असतो, म्हणून त्याला दीड वर्षाचे १,१६४ पाउंड भरावे लागतात. म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या वर. तेही व्हिसाच्या अर्जासोबत, एकरकमी, आगाऊ. नोकरीला लागल्यावर आपण इथला प्राप्तिकर भरतो, नॅशनल इन्शुरन्स भरतो आणि पुढच्या व्हिसासाठी हा अधिभार पुन्हा भरतो. एकाच सेवेचे दोनदा पैसे.

ही लूट आहे आणि तिच्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण गंमत बघा. एवढे पैसे भरून झाल्यावर ग्रुपवरचा दादा सांगतो, 'सरकारी सेवा वापरू नका, आणखी पैसे भरून प्रायव्हेट घ्या.' ज्याला कंपनी विमा देते त्याला हे सांगायला काय जाते?

आणि आपल्याकडच्या सरकारांनाही एक प्रश्न आहे. परदेशी शिष्यवृत्ती जाहीर होते, पेपरात फोटो येतात. पण व्हिसाच्या वेळी अधिभाराचे लाखभर रुपये मुलाच्या घरून निघतात. नंतर परतावा मिळो न मिळो, ते आधी आणायचे कुठून? भूमिहीन मजुराच्या घरात व्हिसाच्या मुदतीत लाख रुपये सावकाराशिवाय दुसरे कोण देतो? हा अधिभार शिष्यवृत्ती देणाऱ्या खात्याने थेट आणि आगाऊ भरला पाहिजे. ही आमची मागणी आहे आणि ती आम्ही इथे लेखी नोंदवून ठेवतो.

रांगेचा राग नेमका कोणाला येतो?

इंग्लंडमध्ये रांगा आहेत. सत्तर लाखांहून जास्त उपचार प्रतीक्षायादीत आहेत. तज्ज्ञाकडे पाठवल्यापासून अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत हे ठरलेले आहे आणि ते अनेकांच्या बाबतीत पाळले जात नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी म्हातारी माणसे महिनोन् महिने वेदना काढतात. याचे समर्थन आम्ही करत नाही. पैसा कमी दिला, माणसे कमी भरली, त्याचे हे फळ आहे.

पण एनआरआय दादाचा राग या कारणासाठी नाही. इथे जीपीच्या दारात बस ड्रायव्हर, सफाई कामगार, प्रोफेसर आणि आयटीतला मॅनेजर एकाच खुर्च्यांवर बसतात. आधी कोणाला घ्यायचे हे आजार किती गंभीर आहे त्यावर ठरते. 'साहेबांना आधी घ्या' हे चालत नाही. ओळखीचा फोन चालत नाही. आडनाव सांगून उपयोग नाही. ज्याला पिढ्यान् पिढ्या रांगेच्या पुढे उभे राहायची सवय आहे, त्याला ही समानता अपमान वाटते. आणि हाच माणूस भारतात असताना 'कोट्यातला डॉक्टर नको' म्हणत होता, हेही आम्ही विसरलेलो नाही.

आम्हाला रांगेची लाज वाटायचे कारण नाही. आमच्या बापजाद्यांना पाणवठ्यावर रांगेतसुद्धा जागा नव्हती. लांब उभे राहून कोणी ओंजळीत ओतले तर पाणी मिळायचे. रांगेत जागा मिळणे, आपला नंबर येणे आणि नंबर आल्यावर कोणी जात न विचारणे, याची किंमत आम्हाला कळते.

प्रायव्हेट म्हणजे काय, ते नीट समजून घ्या

इथला बहुतेक प्रायव्हेट विमा आधीपासूनचे आजार झाकत नाही आणि मधुमेह, दमा असल्या जन्माच्या दुखण्यांचे नेहमीचे उपचारही सहसा देत नाही. प्रायव्हेट हॉस्पिटलांत सहसा आपत्कालीन विभाग नसतो. छातीत दुखू लागले, अपघात झाला की प्रायव्हेटवालाही सरकारी दारातच येतो. तिथले बरेच तज्ज्ञही सरकारी सेवेतलेच असतात. म्हणजे सोपे, नफ्याचे काम प्रायव्हेटला आणि अवघड, खर्चाचे, जन्मभराचे काम सरकारीला.

ही फूट पहिल्या दिवसापासून आहे. ५ जुलै १९४८ ला नॅशनल हेल्थ सर्व्हिस सुरू झाली. ती उभी करणारा आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन हा वेल्सच्या ट्रेडेगरचा, खाणकामगाराचा मुलगा आणि स्वतः पोरवयात खाणीत उतरलेला. त्याच्या गावात कामगार पगारातून वर्गणी काढून सगळ्यांच्या उपचाराची सोय करत. तीच कल्पना त्याने देशभर नेली. डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. शेवटी मोठ्या डॉक्टरांना सरकारी नोकरीसोबत खाजगी प्रॅक्टिसची मुभा देऊन त्याला वाट काढावी लागली. पुढे चष्म्यावर आणि दातांच्या कवळीवर शुल्क लावायचे ठरले, तेव्हा एप्रिल १९५१ मध्ये बेव्हनने मंत्रिपद सोडले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. तत्त्वासाठी खुर्ची सोडणारी माणसे दोन्ही देशांत होती, हे आपल्या पोरांना माहीत असावे.

जर्मनीत जाणाऱ्यांनीही हे ऐका. तिथे वयाच्या तिशीपर्यंत विद्यार्थ्याला सार्वजनिक आरोग्य विमा सवलतीच्या दरात मिळतो. सुरुवातीला एजंट म्हणतो, 'प्रायव्हेट स्वस्त आहे, त्यावर सही करा.' ती सूट एकदा घेतली की ते शिक्षण संपेपर्यंत सार्वजनिक विम्यात परतता येत नाही. तरुण आणि धडधाकट असेपर्यंतच प्रायव्हेट स्वस्त असते. सही करण्यापूर्वी आपल्या कोणा सीनियर ताई-दादाला विचारा.

चूक आपलीही आहे

फक्त दुसऱ्यांना बोलून चालणार नाही. आपण काय करतो? भारतातून बॅग भरून अँटिबायोटिक आणतो. गावाकडच्या कंपाउंडरला व्हिडिओ कॉल लावून गोळी विचारतो. डोके सुन्न झाले, झोप उडाली, अभ्यासात मन लागेना, तरी 'आपण चळवळीतली माणसे, आपल्याला काय होते' म्हणत कोणाला सांगत नाही. आणि सर्वांत मोठी भीती : 'दवाखान्यात गेलो तर व्हिसा जाईल.'

अधिभार भरून व्हिसा घेतला असेल तर सरकारी दवाखाना वापरल्याने व्हिसा जात नाही. तुम्ही पैसे भरलेले आहेत. म्हणून आल्या आल्या पहिल्या आठवड्यात ही कामे करा.

जीपीकडे नाव नोंदवा. इंग्लंडमध्ये नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र किंवा व्हिसाचे कागद दाखवायची अट नाही. रिसेप्शनवर कोणी नाही म्हणाले तर शांतपणे सांगा, 'कारण लेखी द्या.' लेखी म्हटले की सूर बदलतो, हा जगभरचा अनुभव आहे.

तातडीचे आहे पण जीवावरचे नाही, तर १११. जीवावरचे असेल तर ९९९. मन आजारी असेल तर इंग्लंडमध्ये बोलून करायच्या उपचारांसाठी जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्वतः अर्ज करता येतो. त्यात लाज कसली?

इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागे ९ पाउंड ९० पेन्स द्यावे लागतात. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये औषधाच्या चिठ्ठीला पैसे नाहीत. उत्पन्न कमी असेल तर एचसी-१ हा फॉर्म भरा. पात्र ठरलात तर एचसी-२ प्रमाणपत्र मिळते आणि औषधे, दात, डोळ्यांची तपासणी यांचा खर्च वाचतो. परदेशी विद्यार्थीही हा अर्ज करू शकतो. आमच्यातल्या निम्म्या लोकांना वर्ष संपत आले तेव्हा हे कळले.

पदवीदानाला आई-बाबांना बोलावणार असाल तर त्यांचा प्रवासी विमा काढल्याशिवाय विमानात बसवू नका. व्हिजिटर व्हिसावर आलेल्याने अधिभार भरलेला नसतो. आपत्कालीन विभागातली तपासणी फुकट आहे, पण ॲडमिट झाले की दीडपट दराने बिल येते. ५०० पाउंडांपेक्षा जास्त थकले तर पुढच्या व्हिसाला अडचण येऊ शकते.

आणि सिकलसेलवाल्या भावा-बहिणींनो, तुमचा इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट इंग्रजीत सोबत ठेवा. जीपीला पहिल्याच भेटीत दाखवा, तज्ज्ञाकडे पाठवायला सांगा. 'तीस मिनिटांत वेदनाशामक' हा नियम फोनमध्ये ठेवा. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या संसदेतल्या सर्वपक्षीय गटाने सिकलसेल रुग्णांच्या हालांवर अहवाल काढला. त्यात वंशभेदाची नोंद आहे. काळ्या माणसांनी 'आमच्या वेदनेवर तुमचा विश्वास बसत नाही' असे तिथे स्पष्ट सांगितले. आमच्या भावाला ओळखणारी नर्स काळी होती, हा योगायोग नाही. त्यांच्या संघटनांशी आपले नाते जोडा. हा आजार आपल्या दोघांचा आहे आणि ही वागणूकही दोघांच्या ओळखीची आहे.

इथे शिकलेले गावी कसे न्यायचे?

बाबासाहेब लंडनला शिकत होते तेव्हा ही सेवा नव्हती. रमाई-बाबासाहेबांच्या पाच लेकरांपैकी चार गेली, एकटे यशवंतराव वाचले. औषधपाण्याला पैसे नसणे म्हणजे काय, हे त्या घराने भोगले होते. पुढे १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्य विम्यासाठी अडारकरांची नेमणूक झाली. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. १९४६ च्या भोर समितीनेही सांगितले होते की, पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहता कामा नये. बेव्हनने जे १९४८ ला केले त्याची तयारी आपल्याकडेही झाली होती. मग ते अर्ध्यावर कोणी सोडले?

आज काय आहे? २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचे वचन दिले. २०२१-२२ चा आकडा १.८४ टक्के होता. त्या वर्षी देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के भाग लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. सिकलसेलसाठी जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय मिशन सुरू झाले. चांगले झाले. पण त्याचा सगळा भर आदिवासी भागांवर आहे. मग नागपूर-चंद्रपूरच्या झोपडपट्टीतल्या बौद्ध पोराचे काय? महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांच्या नावाने विमा योजना चालते. गरिबाला उपचार मिळतात, ते आम्ही नाकारत नाही. पण विम्याचा पैसा खाजगी हॉस्पिटलांकडे वाहतो आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरची जागा रिकामी राहते, हे फुल्यांचे नाव घेऊन करायचे काम आहे का? सावित्रीमाई १० मार्च १८९७ ला गेल्या त्या प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना. रुग्ण आणताना त्यांनी कोणाचे कार्ड तपासले नव्हते.

म्हणून परदेशातल्या आपल्या पोरांना आमचे एवढेच सांगणे आहे. 'भारतात एका दिवसात एमआरआय होतो' ही पोस्ट पुन्हा आली तर गप्प बसू नका. खाली लिहा : 'माझ्या आईचा झाला नाही.' मग बघा किती जण पुढे बोलतात.

तो भाऊ आता बरा आहे. प्रबंध पूर्ण केला. परत जाऊन आपल्या तालुक्यात सिकलसेलच्या रुग्णांची यादी करायची आणि तालुक्याच्या दवाखान्यात तीस मिनिटांत वेदनाशामक मिळते का ते तपासायचे, असे त्याने ठरवले आहे. ज्यांना त्याच्यासोबत काम करायचे आहे त्यांनी आपापल्या तालुक्यात सुरुवात करावी. यादी, माहिती अधिकाराचा अर्ज आणि आरोग्य अधिकाऱ्याला निवेदन, या तीन गोष्टींना लंडनला यावे लागत नाही.

जयभीम! जय सावित्री!